टोक आणि खांदा

जरा डोळे मिटा आणि मनात एक ओढा आणा. ओढ्याच्या मधोमध एक अरुंद दगड आहे. पळत येऊन तुम्हाला त्या दगडावर उडी मारायची आहे, आणि तीही दहा वेळा. दहाही वेळा पाऊल एकाच जागी पडलं पाहिजे. रोज सराव केला तर जमेल. पण समजा, जिथून पळायला सुरुवात करायची ती रेघ कुणी तुम्हाला न सांगता दर वेळी थोडी पुढेमागे सरकवली तर? पाय तुमचेच, ताकदही तीच, तरी तुम्ही पाण्यात पडाल. आणि काठावरची माणसं म्हणतील, आता याला उडी जमत नाही.

रायफलच्या गोळीचंही तसंच असतं. काडतुसाच्या पितळी पुंगळीत ती घट्ट बसवलेली असते. बार झाला की ती सुटते, इवलीशी उडी घेते आणि मग नळीच्या आतल्या आट्यांत शिरते. ही उडी केसाच्या जाडीएवढी असेल, पण दर वेळी सारखीच हवी. म्हणून गोळी पुंगळीत किती खोल बसवायची याला आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागातली माणसं फार जपतात. काडतुसं घरी भरतात, तळघरात, शांतपणे, रेडिओ बंद करून. लग्नाचा वाढदिवस विसरतील, ते माप विसरणार नाहीत.

मर्ल हॉफर हा त्यांच्यातलाच एक. वय एक्काहत्तर. हजार यार्डांवरच्या निशाणाच्या कागदावर त्याच्या दहा गोळ्या एका बशीत मावतील एवढ्या जवळ पडायच्या. त्याची नात ट्रूडी बारा वर्षांची, आणि आमच्याकडची सगळी मुलं आजोबांना म्हणतात तसं ती त्याला ‘पॅप’ म्हणे.

त्या वर्षी पॅपनं तिला तिच्या हरणाच्या शिकारीच्या रायफलीसाठी काडतुसं भरायला शिकवली होती. त्या रायफलीत काडतुसं एका पेटीत रचून ठेवतात. काडतूस लांब झालं तर पेटीत अडकतं. म्हणून ट्रूडी कॅलिपरच्या बारीक मापपट्टीनं पुंगळीच्या बुडापासून गोळीच्या टोकापर्यंत मोजायची. पॅप शेजारी उभा राहून म्हणायचा, “टोकापर्यंत, ट्रूड. पेटीला टोक लागतं.”

एका गुरुवारी शाळेतून आल्यावर ती तळघरात उतरली. पॅप डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला होता. हिवाळ्यात त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. टेबलावर शनिवारच्या स्पर्धेची चोवीस काडतुसं लाकडी ठोकळ्यात उभी होती. पॅप घरात नसताना तिथल्या कशालाही हात लावायचा नाही, हा नियम ट्रूडीला माहीत होता. नुसतं मोजून बघू, असं तिनं स्वतःला सांगितलं.

पहिलं मोजलं, दुसरं मोजलं. तिसरं लांब निघालं. चौथं त्याहून लांब. चोवीसातली जेमतेम पाच-सहा सारखी होती. पॅपला आता कॅलिपरवरचे आकडे दिसत नाहीत, असं तिला वाटलं.

आणि तुमच्यापासून काय लपवू, वाईट वाटण्याच्या मागोमाग तिला थोडं छानही वाटलं. आपण मोठे झालो, आता आपण पॅपला सांभाळायचं. तिनं काडतुसं पुन्हा गोळी दाबायच्या प्रेसमध्ये धरली, साच्याचा स्क्रू थोडा थोडा फिरवत लांब गोळ्या आणखी खोल दाबल्या, आणि सगळी टोकं एका मापात आणली. स्क्रू परत होता तिथे फिरवला. कुणालाही काही बोलली नाही. शनिवारी पॅप जिंकेल आणि आपल्यामुळे जिंकला हे आपल्या एकटीलाच ठाऊक असेल, याचं तिला हसू येत होतं.

शनिवारी सकाळी क्लबावर नेहमीची गर्दी होती. क्लबाची चिटणीस वेल्मा बायलर, पॅपहून चार वर्षांनी मोठी, तोंडानं फटकळ.

“आलास का, मर्ल? निशाण दिसतंय ना, की पोरीला पाठवू बोट दाखवायला?”

“तुझं नाक मध्ये येत नाही तोवर सगळं दिसतंय.”

“नाक राहू दे. आज हरलास तर सगळ्यांना ॲपल पाय तू चारायचा.”

ट्रूडी वेल्माच्या बाकाजवळ उभी राहिली. वेल्मा स्वतःची काडतुसं शेवटचं एकदा मोजत होती. पण नुसत्या कॅलिपरनं नाही. एक जाडजूड षटकोनी नट ती गोळीच्या टोकावरून घालत होती. गोळी नटाच्या भोकात अर्धी शिरून अडकायची आणि वेल्मा नटासकट माप घ्यायची.

“हा नट कशाला?” ट्रूडीनं विचारलं.

“मर्लनं दाखवलं नाही तुला? कमाल आहे. अगं, या गोळ्यांचं टोक कारखान्यात सगळ्यात शेवटी आवळतात. ते कधी सारखं येत नाही. एक लांब, एक आखूड. टोकाला काय करायचंय? नळीला आधी भिडतो तो गोळीचा खांदा, टोकाखाली ती जाड होते तो भाग. बुडापासून खांद्यापर्यंत सारखं हवं. शाळेत उंची मोजताना तुझ्या वर्गातली ती अंबाडा घालून येणारी आहे ना, तिचा अंबाडा मोजतात का?”

“पण हरणाच्या रायफलीला...”

“तिथं पेटी असते. इथं एकेक काडतूस हातानं घालतो आपण. टोक कितीही पुढे येऊ दे, कोण अडवतंय? आता टोकं सारखी करायला बसलीस, तर खांदे सगळे पुढेमागे जातील. दहा गोळ्या, दहा उड्या.”

ट्रूडीचे कान तापले. पॅपची काडतुसं बरोबर होती. टोकं वेगळी, खांदे सारखे. आणि तिनं ती...

तेवढ्यात शिट्टी झाली. पॅप बाकाशी बसला होता, रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकलेली, गाल दस्त्याला लागलेला. आता धावत जायचं, ओरडायचं, हात वर करायचा, हे सगळं तिच्या मनात आलं. पण वीस माणसं होती. तिचे पाय हलले नाहीत. पहिला बार झाला, मग दुसरा. दहाच्या दहा झाले आणि ती तिथेच उभी होती.

कागद आणला तेव्हा कुणी थट्टा केली नाही. त्यावरूनच समजलं. भोकं वरखाली पसरली होती, जेवणाच्या ताटलीएवढी.

पॅपनं कागद उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिला. “आडवी पसरली असती तर म्हटलं असतं, वारा,” तो म्हणाला. “ही उभी आहेत. काडतुसांतली दारू मी स्वतः तोलली. गोळ्या मी स्वतः बसवल्या, प्रत्येक मोजली. मग राहिलं काय? मीच राहिलो.”

“एखादा दिवस असतो, मर्ल,” वेल्मा म्हणाली.

“जूनच्या सामन्याच्या यादीतून माझं नाव काढ.”

“वेडा आहेस का?”

“काढ म्हणतो ना. चार जणांचा संघ आहे. माझ्या डोळ्यांपायी तुम्ही बाकी तिघांनी का हरायचं? आणि ही रायफल उद्या येऊन घेऊन जा. क्लबात कुणी नवीन असेल त्याला दे.”

वेल्मानं खिशातून यादी काढली. पेन्सिल कितीतरी वेळ कागदावर टेकवून ठेवली, मग नावावर रेघ ओढली. ट्रूडी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिला रेघेचा आवाज ऐकू आला.

घरी येताना गाडीत तिनं प्रयत्न केला. “पॅप, कदाचित काडतुसांतच काही...”

“नाही, ट्रूड.” पॅपनं तिच्या गुडघ्यावर थोपटलं. “काडतुसांना दोष देणारी माणसं मी खूप पाहिली. आपण तसं करायचं नाही. माझ्या बाजूनं बोललीस, तेवढं पुरे.”

रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. त्यानं थोपटलं तो गुडघा घरी येईपर्यंत जड होता.

रविवारी चर्चहून आल्यावर पॅपनं रायफल पुसली. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून पुसली. मग जुन्या घोंगडीत गुंडाळली आणि व्हरांड्यात खुर्चीपाशी आणून ठेवली. ट्रूडी पायरीवर बसली होती. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं. दूर खाली, चढाच्या रस्त्यावर वेल्माच्या निळ्या ट्रकचा आवाज आला.

“पॅप,” ट्रूडी म्हणाली. “तुझ्या गोळ्या मी दाबल्या.”

“काय?”

“गुरुवारी. तू डॉक्टरांकडे होतास. मी टोकापर्यंत मोजल्या आणि लांब होत्या त्या खाली दाबल्या. सगळी टोकं सारखी केली. खांद्याचं मला माहीत नव्हतं. वेल्मानं सांगितलं तेव्हा कळलं.”

“वेल्मानं कधी सांगितलं?”

हाच प्रश्न नको होता तिला. “तू पहिली गोळी झाडायच्या आधी.”

पॅपनं रायफलीवरची घोंगडी सारखी केली. ट्रक अजून चढ चढत होता.

“आणि मला विचारलं का नाहीस? गुरुवारीच, मी घरी आल्यावर?”

“मला वाटलं,” ट्रूडीचा आवाज बारीक झाला, “तुला आकडे दिसत नाहीत. मला वाटलं, तुला कळू न देता आपण नीट करू.”

हे ऐकून मात्र पॅपचा चेहरा हलला. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. मग आत गेला, तळघराच्या पायऱ्या उतरल्याचा आवाज आला, आणि उरलेली काडतुसं, कॅलिपर आणि तसलाच एक नट घेऊन तो परत आला. एक मोजलं. दुसरं मोजलं. तिसरं मोजून तिन्ही मांडीवर ठेवली.

“इंचाचे नऊ हजारांश,” तो हळूच म्हणाला. “पहिल्या आणि तिसऱ्यात नऊ हजारांशांचा फरक.” आणि खुर्चीत मागे टेकून त्यानं इतका मोठा श्वास सोडला, की वाटावं, कालपासून तो कोंडूनच धरला होता.

“तू यादीत नाव परत घालशील?” ट्रूडीनं विचारलं.

“रेघ वेल्मानं मारलीय. मी जाऊन काय सांगू तिला? की माझा दोष नव्हता, नातीचा होता?” त्यानं मान हलवली. “ते मी सांगणार नाही, ट्रूड. मरेपर्यंत नाही.”

ट्रक गल्लीत वळला, कोंबड्या बाजूला पळाल्या, आणि तो अंगणात थांबला. मागच्या सीटवर संघातले बाकीचे दोघंही होते, रायफल उचलू लागायला आलेले. सांगायचं तर आता तिघांसमोर. ट्रूडीनं पॅपच्या मांडीवरून ती तीन काडतुसं आणि नट उचलला, मूठ घट्ट मिटली, आणि वेल्मानं दार उघडायच्या आत ती अंगण ओलांडून ट्रककडे चालू लागली.