कोळंबी आणि तीन शाळा

मालनच्या जनीला सहावं लागलं आणि अख्ख्या आळीला तिच्या शिक्षणाची काळजी पडली. रत्नागिरीच्या बंदरावरून मासळीची टोपली घेऊन वर चढत गेलं की मालनच्या फेरीत नगरपालिकेच्या तीन शाळा लागत. प्रत्येकीची थोरवी सांगणारं कोणी ना कोणी तिला भेटेच. शेजारची कमळा म्हणाली, मधली शाळा चांगली, तिथे भिंतीवर चालू घड्याळ आहे. गिरणीवाल्या धाकूशेटना वरची शाळा आवडे, कारण तिथली पोरं गिरणीवर दगड मारत नाहीत. नवरा हरिश्चंद्र बोटीवर खलाशी. त्याने मुंबईहून पत्र धाडलं, घराजवळ असेल तिथे घाल. ते पत्र कमळाच्या मुलीकडून वाचून घ्यावं लागलं. नवरा आपल्याला काय लिहितो हे आपल्याआधी आळीला कळतं, याचा मालनला अगदी वीट आला होता.

घराजवळची म्हणजे खालची शाळा. मालन स्वतः तिथे दुसरीपर्यंत होती. तेव्हाचे गुरुजी तिने पाटी काढायच्या आधीच तिला बंदरावर मासळी आणायला पिटाळत. दोन वर्षांत ती ताजं आणि शिळं बिनचूक ओळखायला शिकली आणि तेवढ्या विद्येवर शाळेतून बाहेर पडली. जनीचं असं होऊ द्यायचं नाही, एवढं एकच तिने मनाशी पक्कं केलं होतं. पण शाळा पारखायची कशी? फळ्यावरचं तिला वाचता येत नव्हतं. मासळीपुढे माणूस कसा वागतो, ते मात्र तिला चांगलं कळत होतं.

शाळा सुरू होऊन दोन दिवस झाले होते. जूनमध्ये समुद्र बंद, बाजारात सुक्याशिवाय काही नाही. अशा वेळी खाडीची ताजी कोळंबी आली म्हटलं की भलेभले अनवाणी धावत. मालनने टोपलीभर कोळंबी मिळवली आणि बुधवारी शाळा भरून तास झाल्यावर खालच्या शाळेच्या फाटकाशी आरोळी ठोकली.

पहिले आले ते खुद्द मुख्याध्यापक, महिपत गुरुजी. हातात खडू तसाच. उकिडवं बसून त्यांनी एकेक कोळंबी उलटीसुलटी केली, मग भावासाठी अशी हुज्जत घातली की तेवढ्यात दोन कविता शिकवून झाल्या असत्या. खिडक्यांत चाळीसएक पोरं लोंबकळून मजा बघत होती.

"जनीला आणतेस ना?" गुरुजी उठता उठता म्हणाले. "पटाला एक नाव कमी पडतंय. नाय भरलं तर आमच्यातला एक मास्तर उचलतील."

"बघतंय," मालन म्हणाली.

मधल्या शाळेतून दोन बाई आल्या, त्या चालू घड्याळाखालून. एकीने दुसरीला कोळंबीचा काळा दोरा कसा काढायचा ते नीट समजावून सांगितलं. त्या तासाला त्या शाळेत झालेलं तेवढंच शिक्षण. आत वर्गात मारामारी चालू होती.

वरच्या शाळेशी मालनने तीनदा आरोळी दिली. कोणी फिरकलं नाही. तिच्यातल्या विकणारीचा चांगलाच अपमान झाला. चौथ्या आरोळीला सावित्रीबाई नावाच्या शिक्षिका खिडकीत आल्या.

"साडेपाचला ये. आणि ओरडू नकोस, मुलं वाचताहेत." खिडकी लागली.

इतकं तोडून तिला गिऱ्हाईक कधी बोललं नव्हतं, आणि तरी ती उतारावरून हसत खाली आली. बाई मासे खात नसतील तर सगळी पारख फुकट, म्हणून ती साडेपाचला पुन्हा गेली. बाईंनी उरलेली सगळी कोळंबी घेतली. दुसऱ्या दिवशी जनीचं नाव वरच्या शाळेत लागलं.

शनिवारी महिपत गुरुजींनी तिला फाटकाशी अडवलं. सवयीने टोपलीतले दोन सुके मासे त्यांच्या हातात आलेच होते.

"नाव वर घातलंस म्हणे. ही शाळा काय वाईट? तू इथलीच ना?"

"म्हणूनच."

"मी रोज तुझ्याकडनं मासळी घेतो, मालन."

"घेता ना. गिऱ्हाईक म्हणून तुमी सोन्यासारखे, गुरुजी. एका हाकेत बाहेर येता. पण पोरीला गिऱ्हाईकाच्या हाती कशी देऊ? ती बघा पोरं, तुमचा भाव ठरायची वाट बघतायत."

गुरुजींनी मागे खिडक्यांकडे पाहिलं, मासे टोपलीत ठेवले, रुमालाला हात पुसले आणि आत गेले. रोजचं गिऱ्हाईक गेलं, मालन वाटभर स्वतःला शिव्या घालत राहिली.

सोमवारी तिच्या आरोळीला कोणी आलं नाही. मंगळवारीही नाही. रागावलेत, असं ती धरून चालली. गुरुवारी मात्र तिला राहवेना. तिने खिडकीतून डोकावलं. गुरुजी फळ्याशी घामाघूम झाले होते, सवय मोडलेली ना. पोरं त्यांच्यामागून मोठमोठ्याने वाचत होती आणि टोपलीकडे एकानेही पाहिलं नाही. मालनला एकदम रडू आलं. तिच्या वेळच्या गुरुजींना असं कोणी सुनावलं असतं तर ती आज अंगठेबहाद्दर राहिली नसती.

जनीचं नाव तिने वरून काढलं नाही. चार दिवसांच्या शिकवण्यावर पोर हवाली करण्याइतकी ती भोळी नव्हती. पण टोपली डोक्यावर घेऊन ती निघाली ती शाळेची भिंत संपेपर्यंत तोंड मिटून.