विझलो, पण माझ्यामुळे नव्हे

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे, पण माझ्या उजेडात कोणाला पुस्तक वाचता येणार नाही. मी तपासणीचा दिवा. पारदर्शक मुठीत एक चिमुकला बल्ब, एका टोकाला अणकुचीदार टोचणी, दुसऱ्या टोकाला वायर आणि चिमटा. चिमटा यंत्राच्या लोखंडाला लावायचा आणि टोचणी तारेला टोचायची. तारेत वीज असली तर मी पेटतो, नसली तर पेटत नाही. माझे शिक्षण एवढेच. त्यातही न पेटण्याची वेळ आली, की मला वाटते, वीज असेलही, मीच बिघडलो असेन.

कारखान्यात एका बाईने मला एकदाच पेटवून पाहिले, मान हलवली आणि खोक्यात टाकले. ती मान पसंतीने हलली होती की नाराजीने, हे मला अजून कळलेले नाही.

पुढे मी फ्रीसलंड नावाच्या थंड, चरांनी भरलेल्या प्रांतात हिस्के नावाच्या मेकॅनिकबाईंकडे आलो. सुरुवातीची वर्षे त्यांनी मला खिशात बाळगले. मग आकडे दाखवणारे मीटर आले आणि मी पेटीच्या तळाशी गेलो. तेथे चघळायच्या खारट काळ्या गोळ्यांची एक पुडी फुटलेली होती. तिला चिकटून मी काही हिवाळे काढले. तक्रार नाही. मीटरला दशांशापर्यंत कळते, मला नुसते हो किंवा नाही.

एका शरद ऋतूत वीबेचे खोदाईचे यंत्र मध्येच थबकू लागले. वीबे आमच्या भागातले पाण्याचे चर साफ करतो. नोव्हेंबरमध्ये पाणी मंडळाचे लोक गमबूट घालून चरांची पाहणी करायला येतात. त्याआधी सगळा गाळ आणि वेली काढाव्याच लागतात. अशा ऐन वेळी यंत्राचा हात हवेत थांबायचा. इंजिन धडधडत राहायचे, पण दांडे कितीही ओढले तरी हात ढिम्म. थोड्या वेळाने आपोआप चालू.

यात वीज कशी आली, तर ऐका. सीटच्या डाव्या बाजूला एक अडसर असतो. तो खाली केला की आतला खटका वीज सोडतो, विजेने एक झडप उघडते, आणि मगच दांड्यांपर्यंत तेलाचा जोर पोहोचतो. वीज तुटली की सगळे दांडे मेले.

हिस्के आल्या की वीबे अदबीने खाली उतरायचा, त्या सीटवर बसायच्या आणि यंत्र गुणी मुलासारखे चालायचे. मीटर चोवीस व्होल्ट दाखवायचे. हिस्केंनी झडपेजवळची तार ओढून पाहिली, झडपही बदलली. त्यांनी विचारले, चालवताना तू काही वेगळे करतोस का? वीबेने प्रामाणिकपणे विचार करून सांगितले, नाही, नेहमीसारखेच.

यंत्राचा मालक डाऊवे बांधावर बिस्किटांचा डबा घेऊन उभा असायचा. कॉफीबरोबर प्रत्येकाला एक बिस्कीट, मग डबा बंद. झाकण लावताना तो म्हणाला, "वीबे, यंत्र कुठलं थांबतंय, तुझाच डोळा लागतोय. आता एकदा जरी थांबलं ना, तर निरोपाचा केक आणतो, टाळ्या वाजवतो आणि तुला घरी पाठवतो."

वीबेला घरी जायचे नव्हते. त्या केबिनमध्ये त्याची छोटी चटई होती, खिडकीत कॅलेंडर होते, आणि बाहेर पाण्यात पाहणारा बगळा त्याला ओळखत होता.

दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा थांबले. हिस्केंनी पेटी उपडी केली. मी गोळ्यांसकट बाहेर पडलो. त्यांनी मला पुसले, माझ्या टोचणीला लांब वायर जोडून तिचे टोक झडपेच्या तारेत खुपसले, चिमटा लोखंडाला लावला आणि मला समोरच्या काचेवर बाहेरून चिकटवले. मग पहिल्यांदाच त्या स्वतः बाहेर थांबल्या आणि वीबेला म्हणाल्या, "आज तूच चालव."

मी पेटलो. यंत्र डावीकडे वळले, उजवीकडे वळले, बादली भरून गाळ निघाला. मी पेटलेलाच. पुन्हा डावीकडे वळले आणि मी विझलो. हात हवेत थांबला.

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! एका माणसाची नोकरी माझ्या पोटात, आणि मला वाटले, माझीच तार तुटली. हिस्केंनाही तेच वाटले असावे, कारण त्यांनी मला टिचकी मारली. मग केबिनचे दार उघडून त्या म्हणाल्या, "हलू नकोस. आहेस तसाच बस."

वीबे होता तसाच बसला. पायांत लोकरीचे मोजे. लाकडी जोडे त्याने सीटच्या डाव्या बाजूला, हीटरच्या झोतात, अडसराखाली नीट ठेवले होते. उतरताना गरम असावेत म्हणून. जोडे घालून घरात कोण शिरते? आणि केबिन त्याचे घरच होते. दर वेळी तपासणीला उतरताना तो जोडे पायांत घालायचा. हिस्के केबिनमध्ये बिघाड शोधायच्या तेव्हा बिघाड बांधावर उभा राहून कॉफी प्यायचा.

हिस्केंनी डावा जोडा उचलला. मी पेटलो. परत ठेवून दाबला. विझलो. त्याच्या टोकाखाली अडसराकडून झडपेकडे जाणाऱ्या तारेचे आवरण शाबूत होते, पण आतले तांबे तुटून नुसते टेकलेले होते. वळताना जोडा सरकायचा आणि तांबे वेगळे व्हायचे.

"म्हणजे मी झोपत नव्हतो," वीबे हळूच म्हणाला.

"तू नाही. तुझा डावा जोडा झोपायचा, वायरीवर."

डाऊवेने सगळे ऐकले. माफी मागणे आमच्याकडे फारसे जमत नाही. त्याने कॉफी ओतली, प्रत्येकाला एक बिस्कीट दिले आणि झाकण लावलेच नाही. डबा पुन्हा वीबेपुढे धरला. वीबेने त्याच्याकडे पाहिले, डब्याकडे पाहिले आणि दुसरे बिस्कीट घेतले.

पाहणीच्या आधी चर साफ झाले. वीबेचे जोडे आता केबिनबाहेर आकड्याला टांगलेले असतात. पाऊस आला की भरतात आणि तो कुरकुरतो.

मित्रांनो, कोणी सांगितले की माझे काम मध्येच अडते, तर त्याला उठवून त्याच्या जागी बसू नका. त्याला बसू द्या आणि शेजारी थांबा. जुन्या दिव्यांना गोळ्यांत ठेवू नका, हीही विनंती. मी आजही विझलो की आधी स्वतःलाच दोष देतो. पण लगेच, कोणाचे जोडे कुठे आहेत, तेही पाहतो.