पुठ्ठ्यावरची सहावी ओळ

“यात ‘वर’ कुठे आलं?”

हा धाकट्याचा प्रश्न. विचारला त्याच्या ताईला. माझ्या अंगावर तोच शब्द इंग्रजीत छापलेला आहे.

मी पुठ्ठा बोलतोय. आधी मी सायलेन्सरचा खोका होतो. काम एकच, वाकायचं नाही. सायलेन्सर मोटरसायकलला लागला, आणि गॅरेजात काम करणाऱ्या धाकट्याने माझी एक बाजू कापून घरी नेली. ताईने कोरा कागद मागितला होता.

“दुकान बंद होतं,” तो म्हणाला.

“दुकान उघडं होतं. तूच आळशी आहेस,” ताई म्हणाली. पण तिची नजर माझ्यावरच्या बाणाकडे आणि त्याखालच्या ‘अप’कडे, म्हणजे इंग्रजीतल्या ‘वर’कडे, गेली. तिने त्याच्याआधी ‘पिक’ लिहिलं आणि मला स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलं.

ताईला एका ऑफिसात फोन घ्यायची नोकरी हवी होती. मुलाखत इंग्रजीत होणार होती. ‘पिक अप’चे सहा अर्थ तिने माझ्यावर ओळीने लिहिले. समोर वाक्याची जागा कोरी ठेवली. तिचा नियम होता, वाक्य तेव्हाच लिहायचं, जेव्हा ती गोष्ट घरात खरोखर घडेल. चुकलं तर एकच सरळ रेघ मारायची, गिरगटायचं नाही. चूक वाचता आली पाहिजे.

पहिला अर्थ, पडलेली वस्तू उचलणे. धाकट्याचा ओला टॉवेल जमिनीवरच होता, त्यामुळे ही ओळ लगेच भरली. दुसरा, फोन उचलणे. तिसरा, कुणाला तरी गाडीवरून घेऊन येणे. धाकट्याने आईला डोळ्यांच्या दवाखान्यातून आणलं. चष्मा तिथेच राहिला.

“वाक्यात चष्म्याचं काही नाही ना?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मग लिही की!”

चौथा अर्थ, ऐकून ऐकून शिकणे. आई फोनवर मावशीला “ओके, बाय” म्हणाली, तेव्हा ताईने टाळ्या वाजवल्या. ‘वर’ कुठे आलं, हा प्रश्न धाकट्याने विचारला तो इथेच. पाचवा अर्थ, वेग घेणे, आला आणि तो ओरडला, “गाडीचा पिकअप! हे तर मला येतं!” शाळा त्याने सातवीत सोडली होती. ताईच्या आधी काही येण्याची ही त्याची पहिलीच वेळ. दिवसभर त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

सहावा, आजारातून उठणे.

“सगळे ठणठणीत. ही ओळ कोरीच राहणार,” ताई म्हणाली.

मग तिलाच ताप आला. साध्या गोळीने उतरेना, म्हणून दवाखान्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. धाकटा डबा न्यायला घरी आला. डबा विसरला. गॅरेजचा जाड मार्कर काढून त्याने माझ्या सहाव्या ओळीत लिहिलं, ‘ताई पिक्ड अप’. मला खिळ्यावरून उपटलं, शर्टात खुपसलं आणि थेट तिच्या खाटेशी नेलं.

ताईने वाचलं. हसली. म्हणाली, “अक्षर बघ, कोंबडीचे पाय. आणि मी अजून उठलेय कुठे? रेघ मार त्यावर.”

“उद्या मारतो,” धाकटा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई गेली.

धाकट्याने मला परत खिळ्याला लावलं, तोंड भिंतीकडे करून. तीन महिने मी भिंत पाहिली. भिंतीबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

एका सकाळी आईने मला फिरवलं. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण अक्षर कुणाचं ते कळतं.

“हे जाड अक्षर तुझं. काय लिहिलंयस?”

धाकट्याने मला ओढून घेतलं आणि फाडायला लागला. मी फाटत नाही. मधोमध नुसती एक घडी पडली.

“ताई उठली असं लिहिलंय,” तो म्हणाला. “ती म्हणाली रेघ मार. मी मारली नाही. घडायच्या आधीच लिहून बसलो, म्हणून ती...”

आई भाजी निवडत होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

“तुझ्या लिहिण्याने माणसं मरत असती, तर तुझ्या शाळेत एकही मास्तर उरला नसता.”

तो हसला, आणि हसता हसता रडायलाच लागला. आईने त्याला रडू दिलं. मग म्हणाली, “पण तिने सांगितलेलं काम राहिलंय. ते कर.”

पट्टी घरात नव्हती. आईने मला मांडीवर घेतलं, दोन्ही कडा धरल्या. धाकट्याने मार्कर टेकवला. मनगट रोवून त्याने सगळा भार माझ्यावर टाकला, नेमका त्या घडीवर.

मी वाकलो नाही. रेघ सरळ आली.