एका गाडीवर नवराबायको नकोत

त्यांची जोडी जमवली ती डेपोतल्या संगणकाने. कुणाची गाडी वेळेवर येते, कुणाची कुणाशी भांडणं होत नाहीत, एवढं पाहून त्याने ड्यूटीच्या तक्त्यात ताईच्या नावापुढे सुट्टेचं नाव टाकलं, आणि ते पुन्हा हलवलं नाही. ताई बस चालवायची. सुट्टे तिच्या गाडीचा कंडक्टर. दिवसभर ‘सुट्टे द्या, सुट्टे द्या’ करायचा म्हणून डेपोने त्याला ठेवलेलं हे नाव.

सुरुवातीला दोघं घंटीनेच बोलले. एक टोला, थांब. दोन टोले, चल. पण घंटीतूनही हात कळतो. दमला की दोन टोल्यांच्या मध्ये तो श्वास घ्यायचा, खुशीत असला की टोले एकमेकांच्या अंगावर पडायचे. ताईचे डोळे पुढच्या रस्त्यावर, आणि कान मागच्या माणसाकडे.

दोघं लग्न करणार, हे ऐकून तिला लहानाची मोठी करणारी आत्या हरखली. पण आडवा आला नियम. एका गाडीवर नवराबायको नकोत, दोघं मिळून तिकिटांत घोळ करतील म्हणून. पूर्वी असल्या गोष्टींकडे कानाडोळा व्हायचा. संगणकाला ना कान ना डोळा. ज्याने जोडी जमवली तोच लग्न लागताच ती मोडणार होता, आणि मग ही घरी आली की सुट्टे कामावर, तो आला की ही. दिवसभर एका गाडीत असण्याचं सुख सोडवेना, म्हणून लग्न पुढे पुढे ढकललं जात होतं.

आत्या शेवटी वैतागली. “संगणकाला विचारून लग्न करणार असाल तर अक्षता त्याच्यावरच टाकते,” म्हणाली.

तेव्हा दोघांनी शक्कल काढली. लग्ननोंदणीच्या कचेरीत जाऊन गुपचूप सह्या करायच्या आणि डेपोला कळवायचंच नाही. एका सकाळी सह्या झाल्या. कारकून बाईंनी एक बटण दाबलं, दाखला हातात दिला, तोंडभर हसल्या. दोघं जिन्यात पोचतात तोच दोन्ही फोन एकदम वाजले. ताईला डेपोत ड्यूटी लावणाऱ्या काकांचा फोन, सुट्टेला थेट संगणकाचा निरोप. कचेरी आणि डेपो आतून जोडलेले, हे दोघांच्या गावीही नव्हतं. कुणाला सांगू नका, असं माणसाला सांगता येतं. यंत्राला काय सांगणार?

“अभिनंदन, पोरी,” काका म्हणाले. “आणि उद्यापासून तुझी गाडी बदलली.”

सुट्टे खट्टू झाला. ताईने मात्र दोन्ही फोनवर आलेले नव्या ड्यूटीचे तक्ते शेजारी धरले आणि डोळे बारीक केले. मार्ग एकच, दोघांनाही नवा, नदीपलीकडच्या टेकडीवरचा. पहिली गाडी त्याची, पुढची तिची. म्हणजे तो परतताना आणि ती जाताना कुठेतरी समोरासमोर येणार. काच काचेला लागून जाईल, तेवढंच. तेवढंच का होईना, म्हणून ती रात्रभर उजाडायची वाट पाहत राहिली.

सकाळी नदीवरचा पूल लागला आणि फाटकवाल्याने तिला लाल झेंडा दाखवला. पूल अरुंद, एका वेळी एकच गाडी. पलीकडून आलेली बस तिकडच्या काठावर थांबलेली. त्या बसचा कंडक्टर उतरून चालत येईल, फाटकवाल्याने समजावलं, आणि तुमच्या गाडीपुढे चालत तिला पलीकडे नेईल. कंडक्टर इकडे असला की समोरची गाडी मध्येच शिरत नाही, म्हणून हा नियम.

पुलावरून कुणीतरी येत होतं. चालत कसलं, जवळजवळ पळतच. पिशवी कमरेवर आपटतेय, टोपी हातात. ताई स्टिअरिंगवर पुढे झुकली.

“कोण गं तो?” मागच्या सीटवरच्या आजीने विचारलं.

“आमचे हे,” ताई म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तसं म्हटल्यामुळे कानापर्यंत लाल झाली.

सुट्टे गाडीसमोर उभा राहिला. दम खात हसला. मग तिच्याकडे तोंड करून, दोन्ही हातांनी ये, ये करत, तो उलटा चालू लागला. ताईने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. माणूस चालेल तेवढ्याच वेगाने न्यायची, हाही नियमच होता. मागून कुणीतरी जरा दामटा म्हणालं, तर अख्ख्या गाडीने त्याला गप्प केलं. खाली नदी, वर ऊन, मध्ये एक काच. आणि पलीकडचा काठ, नियमाच्या कृपेने, अजून चांगलाच लांब होता.