थ्वेट देवमाणूस झाला तो आठवडा

क्लिफर्ड थ्वेट मंगळवारी वारला आणि गुरुवारपर्यंत देवमाणूस झाला. क्रॅग्लीत दुसरं काहीच इतक्या झपाट्याने होत नाही. बसथांब्याचं उडालेलं छप्पर दोन वर्षांत बसलेलं नाही.

हा थ्वेट तेवीस वर्षांपूर्वी क्रॅग्ली टाउन फुटबॉल क्लबचा मॅनेजर होता. सहा वर्षं त्याने नऊ जण आपल्याच गोलासमोर भिंतीसारखे उभे केले. जिंकलो तर एक-शून्य, हरलो तर शून्य-एक, एरवी शून्य-शून्य. लोक पावसात भिजत जांभया द्यायचे. शेवटी एवढी बोंब झाली की क्लबने त्याला घरी बसवलं.

त्या बोंबेत नॉर्मन एकर्स्लीचा आवाज सगळ्यात मोठा. तेव्हा तो बस चालवायचा. बायकोची धडकी चादर पळवून तिच्यावर त्याने लाल रंगात ‘थ्वेट, चालता हो’ लिहिलं होतं आणि दोन हंगाम ती मैदानात फडकवली होती.

शनिवारी सामन्याआधी तो नेहमीच्या पबमध्ये शिरला, तर सिरिल बूथ काळा टाय लावून बसलेला. सिरिल म्हणजे चाहत्यांच्या संघटनेचा अध्यक्ष.

“हिरा होता रे माणूस,” सिरिलने सुस्कारा सोडला.

“हिरा? तू त्याला चहाचा कप फेकून मारला होतास.”

“हातातून सुटला होता.”

“चाळीस फूट?”

सिरिलने ऐकलंच नाही असं दाखवलं. “त्याच्या काळात आपण एकदा तरी खालच्या विभागात गेलो का? सांग ना!”

नव्हते गेले. नंतरच्या मॅनेजरने मात्र देखणा, धावता खेळ करून दोनदा खाली नेलं होतं. हे नॉर्मनला कधीचं ठाऊक होतं, पण कबूल कोण करणार? तेही सिरिलपुढे?

“त्यांची मुलगी येतेय,” सिरिल म्हणाला. “सगळ्यांत जुना चाहता म्हणून तू दोन शब्द बोल. फक्त चादरीचं काढू नकोस.”

हेदर आली. चाळिशीची, बापासारखीच लांब हनुवटीची. तिच्यापुढे रांग लागली. मी तर पहिल्यापासून त्यांच्याच बाजूचा, असं जो तो सांगू लागला. इतके जण बाजूचे होते तर मग थ्वेटला हाकललं कुणी? बहुधा शेजारच्या गावाने.

नॉर्मनची पाळी आली. त्याने टोपी काढली.

“मी तुझ्या बापाला सहा वर्षं दर शनिवारी शिव्या घातल्या, पोरी. चादर माझीच.”

सिरिलने कपाळावर हात मारला. हेदर नॉर्मनकडे बघतच राहिली.

“त्या चादरीपायी आईने मैदानावर यायचं सोडलं,” ती म्हणाली. “शाळेत पोरी मला ‘चालती हो’ म्हणायच्या.”

नॉर्मनने हे कधी मनातच आणलं नव्हतं. थ्वेटला घर असेल, घरात शाळेत जाणारी मुलगी असेल, हे त्या चादरीआडून दिसलंच नव्हतं.

“चुकलं माझं,” तो पुटपुटला. “आणि ते... काय म्हणायचे?”

“बाबा? म्हणायचे, ओरडतात ते बरोबरच आहे, मलाही कंटाळा येतो. पण आपल्याकडे पळणारं आहे कोण?”

नॉर्मनला हसू फुटलं. सहा वर्षं ज्याच्यावर तो ओरडला, तो माणूस त्याच्याशी सहमत होता.

“खरं सांगू?” तो म्हणाला. “त्यांनी आम्हाला तगवलं. मला ते तेव्हाही कळत होतं. पण तगून राहणं बघायला शनिवारी कोण जातं?”

“आज एवढंच खरं ऐकलं,” हेदर म्हणाली आणि मैदानात त्याच्याच शेजारी जाऊन बसली.

खेळ सुरू होण्याआधी सगळं मैदान एक मिनिट उभं राहिलं. म्हातारे डोळे पुसत होते. अठराव्या मिनिटाला विरुद्ध संघाचा दुसरा गोल झाला आणि तेच म्हातारे आताच्या मॅनेजरच्या आईबापापर्यंत पोचले. सिरिलचा टाय मानेमागे गेला होता. “चालता हो! थ्वेटसाहेबांच्या पायाची सर नाही तुला!”

नॉर्मनही सवयीने उठला. तोंड उघडलं. समोर रेषेपाशी पावसात तो मॅनेजर खांदे पाडून उभा होता. नॉर्मन खाली बसला.

“काय झालं रे?” सिरिल.

“घसा बसलाय.”

हेदर मात्र बाकावर चढली होती. तिच्या बापाला लाज वाटली असती असा एक शब्द तिने मॅनेजरला हाणला आणि वर ओरडली, “नऊ जण मागे घे, गाढवा!”

दोन्ही बाजूच्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. नॉर्मनने तिला हात देऊन खाली उतरवलं आणि मध्यंतराला गरम चहा आणायला गेला.