लोखंड नको

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. माझ्या पोटात फक्त नावं आहेत, आणि ती सगळी बळाची आहेत. माझ्या हातून एक अपराध घडला. तो कबूल करायला मी आज तोंड उघडते आहे.

माझे मालक रादिसाव डॅन्यूब नदीवर मालवाहू बोटी हाकायचे. ते ब्लागोये नावाच्या शेतकऱ्याच्या घराचे कूम होते. आमच्या सर्बियात बाळाचं नाव कूम ठेवतो. आईबाप ठेवत नाहीत. बारशाला ते चर्चमध्येही येत नाहीत, घरीच वाट बघतात. कूमाचा शब्द शेवटचा असतो आणि त्याला 'हेच नाव का' असं कोणी विचारत नाही. हा मान बापाकडून मुलाकडे येतो. रादिसावांकडेही तो तसाच आला होता.

ब्लागोये आणि त्याची बायको स्तामेना यांची पहिली दोन बाळं वर्षाच्या आत गेली. रादिसावांनी ते मनाला फार लावून घेतलं. आपण दिलेली नावंच कच्ची निघाली असं त्यांना वाटलं. मग त्यांनी मला विकत घेतलं आणि धक्क्याधक्क्यावर खलाशांना विचारायला सुरुवात केली, "तुमच्याकडे ताकदीचं नाव कोणतं?" तुर्की खलाशाने 'आर्सलान' सांगितलं, म्हणजे सिंह. हंगेरीच्या माणसाने 'बातोर', शूर. एका जर्मनाने 'बर्नहार्ड', अस्वलासारखा धीट. ज्यू धान्यव्यापाऱ्याने 'गाब्रिएल' सांगितलं, देव माझं बळ. रादिसाव पेन्सिल जिभेला लावून एकेक नाव उतरवून घ्यायचे. मी अगदी फुगून गेले होते. माझ्यासारखी भारदस्त वही साऱ्या नदीकाठी नाही, असं मला वाटायचं.

तिसरं बाळ झालं. मुलगा होता आणि मुठीएवढा होता. बारशाच्या आदल्या संध्याकाळी रादिसाव त्यांच्या घरी उतरले. मला टेबलावर ठेवून ते घोड्याला पाणी दाखवायला गेले. स्तामेना पाहुण्यांसाठी आलुबुखाराचा मुरंबा वाडग्यात काढत होती. तिने दाराकडे पाहिलं, पेन्सिल उचलली आणि माझ्या शेवटच्या पानावर लिहिलं, 'कूम, याला तिहोमिर म्हणा. शांत नाव आहे. लोखंड नको. माझ्या नावाचा अर्थ खंबीर. त्यापायी मला लहानपणापासून रडायची चोरी.'

बाहेर पावलं वाजली. तिने घाईघाईने मला मिटलं. तिच्या बोटाचा मुरंबा पानाला लागला आणि ते पान पुठ्ठ्याला घट्ट चिकटून बसलं.

सकाळी चर्चच्या दारात रादिसावांनी मला एकदा चाळलं. शेवटचं पान काही उघडलं नाही. मित्रांनो, मी वही आहे, मला हात नाहीत, हे खरं. पण माझा अपराध वेगळा आहे. पान चिकटलं याचा मला आनंद झाला. माझी मोठमोठी नावं सोडून एका बाईचं मऊ नाव कशाला, असं मी मनात म्हणाले. आणि रादिसावांनी पाद्रीबाबांना माझ्यातलंच एक नाव सांगितलं, ग्वोझ्देन. लोखंडी.

ब्लागोयेची बहीण रुझा चर्चमधून घरापर्यंत धावत गेली. "ग्वोझ्देन! दादा, लोखंड आलं हो घरात!" ब्लागोयेने खुशीत तिला नवा रुमाल दिला. मागून आम्ही पोचलो, तेव्हा स्तामेनाचा चेहरा उतरलेला होता. रीतीप्रमाणे तिने कूमाच्या हाताचं चुंबन घेतलं. पण त्यानंतर तिने त्यांच्या डोळ्यांकडे कधी पाहिलं नाही.

मूल जगलं. पुढे दर हिवाळ्यात, घराण्याच्या राखणदार संताच्या सणाला, मी रादिसावांच्या कोटाच्या खिशात बसून त्या घरी जायचे. ग्वोझ्देन आठ वर्षांचा होता तेव्हा तो कान धरून चुलीपाशी बसलेला होता.

"दुखतोय का रे?" स्तामेनाने विचारलं.

"त्याला काय धाड भरलीय?" ब्लागोये हसला. "लोखंडाला कधी ताप येतो का? काय रे ग्वोझ्देन?"

"नाही दुखत," पोरगा म्हणाला. तो खोटं बोलत होता. खिशात मला घाम फुटला असता, पण कागदाला घाम कुठला! वसंतापर्यंत त्याचा डावा कान कायमचा गेला.

सव्वीस वर्षं गेली. ब्लागोये वारला, ग्वोझ्देनला मुलगी झाली. तिच्या बारशाला निघताना म्हाताऱ्या रादिसावांच्या हातून मी बोटीतल्या पाण्यात पडले. त्यांनी मला शेगडीजवळ वाळवलं, आणि शेवटचं पान आपोआप सुटलं. त्यांनी ते तीनदा वाचलं. मग तडक स्तामेनाच्या दारात जाऊन उभे राहिले.

"स्तामेना, हे मी आज वाचलं."

"आज?" तिने इतक्या वर्षांनी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "मला वाटलं, वाचून मुद्दाम डावललंत."

"अगं, मग विचारलं का नाहीस?"

"कूमाला कोण विचारतं?"

रादिसाव आत, पाळण्यापाशी उभ्या ग्वोझ्देनच्या उजव्या, ऐकू येणाऱ्या बाजूला गेले आणि आमच्याकडे कोणताच कूम विचारत नाही ते त्यांनी विचारलं.

"पोरीचं नाव काय ठेवू रे?"

"मला काय विचारता, कूम? रीत नाही ती."

"जळो ती रीत. सांग."

ग्वोझ्देनने पाळण्याकडे पाहिलं. "असं ठेवा, की तिला रडता येईल."

तिचं नाव तिहाना ठेवलं, म्हणजे शांत. चर्चपासून घरापर्यंत ती बेंबीच्या देठापासून रडत आली. "नाव शांत आणि गळा केवढा गं बाई!" म्हातारी रुझा धापा टाकत म्हणाली. पुढे होऊन ती बाळाला गप्प करणार, तोच स्तामेनाने तिचा हात धरला.

"रडू दे तिला."

मित्रांनो, बाळाला बळाचं नाव जरूर ठेवा. माझ्यात पुष्कळ आहेत, हवं ते घ्या. पण त्या नावाच्या भरवशावर राहून 'दुखतंय का' हे विचारायचं सोडू नका, आणि ते 'नाही' म्हणालं तरी पुन्हा एकदा विचारा. मी तेव्हा आनंदले होते, त्याची मला अजून लाज वाटते.

त्या दिवशी ग्वोझ्देनने फाटकातच लेकीला हातात घेतलं. डाव्या खांद्यावरून उचलून त्याने तिला उजव्या कानाशी धरलं, आणि तिचं रडणं तो ऐकत राहिला.