देशी बदामाची फांदी

शिडीच्या चौथ्या पायरीवर उभी राहून करिष्मानं देशी बदामाची फांदी खाली ओढली. शिडी तिच्या वडिलांनी, बापूरावांनी धरली होती. म्हणजे एका हातानं. दुसऱ्या हातात फोन होता, आणि त्यातून थोरला मुलगा प्रफुल बल्लारपूरहून सांगत होता, की मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या नाटकासाठी सुट्टी मिळत नाही.

फोन खिशात गेला. शिडीला दुसरा हात मिळाला.

गावच्या नाटकातला राजा याच घरचा. आधी आजा, मग गुडघा धरेस्तोवर बापूराव, यंदा प्रफुल. तो येईस्तोवर तालमीत त्याची वाक्यं करिष्माच म्हणत होती. आता राजेपद नाटक बसवणाऱ्या भैयाजींच्या जावयाकडे, विक्कीकडे जाणार. विक्की तोंडात तंबाखूचा खर्रा ठेवूनच राजाचा न्याय करणार.

"काऊन झाडाच्या मागं लागली?" बापूरावांनी विचारलं.

"उद्या कॉलेजात प्रॅक्टिकल आहे. सरनं सिम्पोडियल फांदी मांगितली."

"बिमारी आहे का?"

"नाई बाबा, वाढायची रीत आहे. हे टोक पाहा. थोडं पुढं गेलं, वर वळलं, पानांचा गुच्छा करून बसलं. आता पुढं जात नाई."

"बल्लारपूरले गेलं म्हण."

करिष्मानं गुच्छाखाली बोट ठेवलं.

"मंग त्याच्या बगलेतून दुसरा कोंब निघते. तो फांदी पुढं नेते."

"अन् पहिलं टोक? मरते?"

"मरत नाई. मजेत राहते."

बापूरावांना बरं वाटलं. त्यांनी फांदीवरून बोट फिरवलं. सांधा लगेच सापडला नाही.

"कोण कुठी बदललं, दुरून समजते का?"

"नाई. दुरून एकच सरळ फांदी दिसते. म्हणून तर परीक्षेत विचारते."

बापूरावांनी फांदी सोडून वर लेकीकडे पाहिलं. मग त्यांनी ओसरीकडे तोंड केलं. तिथं करिष्माची आई, आशाबाई, तांदूळ पाखडत होती.

"अवं आशा, राजाच्या अंगरख्याच्या बाह्या आखूड कर!"

"कोणाच्या मापानं?"

"शिडीवर आहे तिच्या."

सूप थांबलं. शिडीवरची पाठ आपोआप ताठ झाली.

"अन् मिशी?" आशाबाईंनी विचारलं.

"तिची तिले निवडू दे."